टर्बोपंत

रविवारी सकाळी, वर्तमानपत्राची घडी अद्याप मोडलेली नसताना आणि चहाचा दुसरा पेला ओठांशी येत असताना, ज्यांच्या शेजारच्या आवारातून प्रथम पान्याचा खणखणाट, त्यामागोमाग अर्धवट गिळलेला एक अपशब्द आणि अखेरीस कुंपणावरून 'सर, जरा बॅटरी धरता का?' अशी विनंतीच्या वेषातील आज्ञा येते, त्यांना टर्बोपंत कोण हे मी सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या राजारामपुरीतील टर्बोपंत एका विमाकचेरीत हिशेबनीस आहेत. कचेरीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव काय असेल ते असो. आमचा पोस्टमन त्यांचे टपाल याच नावाने विचारीत येतो.

पंतांचा आणि माझा स्नेह म्हणण्यापेक्षा पंतांच्या तोंडचा एक ध्वनी आणि माझे कान यांचा दीर्घकालीन दावा म्हणणे अधिक यथार्थ होईल. तो ध्वनी असा: फिस्स्! टर्बो बसविलेल्या गाडीचा वेग ऐन भरात असता चालकाने अकस्मात पाय उचलला, की इंजिनाच्या तोंडाशी असलेली झडप मिटते. परंतु हवा कोंबणारे पाते मात्र गरगरतच राहते, आणि मधल्या नळीत कोंडलेली ती हवा बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास उलट फिरून त्या पात्यावरच प्रहार करते. म्हणून तिला सोडून देण्याकरिता एक निराळी झडप ठेवलेली असते, आणि तिच्यातून सुटणारा निःश्वास म्हणजे हे फिस्स्. इतर माणसे वाक्याच्या अंती पूर्णविराम देतात. पंत हा निःश्वास देतात. जिना उतरून शेवटच्या पायरीवर आले, की फिस्स्. गव्हाचे पोते खांद्यावरून खाली ठेवले, की फिस्स्. साहेबांनी रजेचा अर्ज नामंजूर केला, तेव्हा पंतांनी तो कागद हाती घेऊन साहेबांच्या समक्ष जे फिस्स् केले, त्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला; आणि आमच्या वाचनालयाच्या एका वयोवृद्ध विश्वस्तांच्या शोकसभेत दोन मिनिटांची स्तब्धता संपताक्षणीच मागील रांगेतून जो ध्वनी उमटला, त्यामुळे दिवंगतांच्या चिरंजीवांनी चमकून तसबिरीकडे पाहिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. यातील विशेष असा, की हा निःश्वास पंतांच्या मुखात रुळला तेव्हा त्यांच्या गाडीत टर्बो नव्हताच. तो येण्यास अजून तीन वर्षे होती.

गाडी म्हणजे २००६ साली घेतलेली तांबडी स्विफ्ट: १,२९८ घनसेंटीमीटरचे इंजिन, ८७ अश्वशक्ती. कोणत्याही समंजस गृहस्थाने तिच्यात बसून जोतिबाला जावे आणि परत यावे. पंतांनी पहिल्याच वर्षी तिचे इंजिन उघडले. पुढील पाच-सहा वर्षे त्यांनी ज्या मार्गाने शक्तीची उपासना केली, त्याचे सार एवढेच, की इंजिनाने स्वतःच्या फुप्फुसांच्या बळावर अधिकाधिक श्वास घ्यावा आणि घेतलेला श्वास अधिकाधिक आवळावा. त्यासाठी उद्यमनगरात नेऊन दुसऱ्या एका हेडला फेस मारून घेतला, म्हणजे त्याचा तळ घासून पातळ केला, आणि मूळचे सुमारे नऊपट आवळणे अकरापटीवर नेले; झडपा अधिक उंच व अधिक काळ उघड्या राहाव्यात म्हणून निराळा कॅमशाफ्ट घातला; सायलेन्सरकडे जाणारे बेंड पाइप नव्याने वळवून घेतले. या प्रत्येक विजयाची वार्ता मी कुंपणाशी उभा राहून, हाती बॅटरी धरून ऐकली आहे.

आणि मग एके रात्री त्यांना साक्षात्कार झाला, की टर्बो हवा.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नामक अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून जो तप्त धूर आपण निष्कारण आकाशाला अर्पण करतो, त्याच्याच जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबावी, हा त्याचा विचार. टाकाऊतून टिकाऊ करण्याचा हा प्रकार एखाद्या काटकसरी कोकणस्थाला सुचावयाचा तो स्विस माणसाला सुचला, एवढाच काय तो फरक. ब्यूखीचे चरित्र पंत अशा आत्मीयतेने सांगत, की ऐकणाऱ्यास तो त्यांचा आतेभाऊ वाटावा. परंतु या दैवताची गंमत अशी, की ते प्रसन्न होण्यापूर्वी भक्ताचे पूर्वीचे सर्व पुण्य परत मागते. बाहेरून हवा कोंबून आणायची, तर आत ती अकरापट आवळून चालत नाही. ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आपोआप पेटते आणि दट्ट्यावर हातोडे पडू लागतात. ज्या कॅमशाफ्टने दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या ठेवून श्वास मोकळा केला, तोच आता दाबाखालील हवेला पळवाट देणार. बेंड पाइप तर समूळ निरुपयोगी. तात्पर्य, जे जे म्हणून पंतांनी पाच-सहा वर्षांत पदरमोड करून केले, ते ते आता पुन्हा पदरमोड करून मोडावयाचे होते.

मी भाबडेपणाने विचारले, की मूळचे हेड माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले आहेच, तेच परत का बसवीत नाही? पंतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सर, ते मूळ आहे. मुळाला हात लावायचा नसतो." मग फेस मारलेल्या हेडखाली जाड पॅकिंग आले, माथ्याला बशीसारखा खोलगटपणा असलेले दट्टे आले, आणि गाडी चोहीकडून खर्च करून पुन्हा नऊपटीच्या आसपास येऊन ठेपली. "आलो बघा मूळपदावर!" पंत म्हणाले, "फिस्स्!"

टर्बो आला तो एका डिझेल गाडीच्या भंगारातून. तेव्हापासूनचे सहा महिने मी तेलाच्या परतीच्या नळीविषयी जे ऐकले, ते कोणत्याही निवृत्त शिक्षकाने ऐकू नये. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि केवळ तेलाच्या पातळ पटलावर तरंगतो. तेल दाबाने आत जाते, परंतु बाहेर पडताना त्याला दाब नसतो, ते केवळ उताराने चेंबरमध्ये उतरावयाचे. म्हणून ती नळी अंगठ्याएवढी रुंद हवी, तिला कोठेही चढ नको. पंतांनी मला हे समजावून देण्याकरिता माझ्याच मोरीतील पाणी तुंबण्याचा दृष्टांत दिला, आणि तो इतका अचूक होता की दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला.

दाबाचे मोजमाप ते शिट्टीत सांगत. घरातल्या कुकरच्या शिट्टीला साधारण एक बार दाब असतो, आम्हाला अर्धाच हवा, म्हणजे अर्धी शिट्टी. वहिनी म्हणत, "माझ्या कुकराला आठशे रुपये पडले, ह्यांच्या अर्ध्या शिट्टीला दीड लाख." वहिनींचे सोसणे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तप्त टर्बोची धग शेजारच्या वायरींना लागू नये म्हणून आडोशाला पत्रा हवा होता, आणि एके दिवशी बॉनेटखाली बॅटरीचा झोत टाकताना मला त्या आडोशावर काही अक्षरे कोरलेली दिसली. वाकून वाचतो तो 'चि. सौ. कां. हिच्या विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट', आणि त्याखाली माझे व माझ्या पत्नीचे नाव! आम्ही उभयतांनी पंतांच्या लग्नात आहेर केलेले स्टीलचे ताट मध्यभागी कापून, चार भोके पाडून तेथे बसविले होते. "चांगल्या गेजचं निघालं, सर," पंत कृतज्ञतेने म्हणाले.

१९७३ सालच्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोच्या पुढील भागावर 'टर्बो' ही अक्षरे उलटी रंगविलेली असत. पुढच्या चालकाने आपल्या आरशात ती सुलटी वाचून वाट द्यावी, हा हेतू. पंतांनी तेच देवनागरीत केले. पुढे कोणी वाट दिली की नाही ते ठाऊक नाही, गल्लीतील निवृत्त तलाठ्यांनी मात्र चष्मा सरसावून विचारले, "ही मोडी का हो?"

पहिल्या सफरीस मला नेण्यात आले, कारण बॅटरी धरणाराचा तो हक्क होता. पन्हाळ्याच्या रस्त्याने वाघबिळाचा चढ लागला. पंतांनी पाय दाबला, काटा अर्ध्या शिट्टीवर गेला, माझी पाठ आसनाला चिकटली, आणि वळणाआधी त्यांनी पाय उचलताच बॉनेटखालून तो निःश्वास खरोखरीच उमटला. परंतु इतक्या वर्षांच्या सवयीने पंतांच्या तोंडून तो यंत्राच्या किंचित आधीच निघून गेलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आपलाच वर्ग चोरून ऐकताना सापडलेल्या मास्तरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

चौथ्या वळणावर पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसा आवाज येऊ लागला. ठिणगीची वेळ जरा मागे घ्यायला हवी होती. पंतांनी शक्तीच्या लोभाने ती घेतली नव्हती, आणि टाकीत साधे पेट्रोल होते. एका दट्ट्याची कड वितळली. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला दोर बांधून आम्ही परत निघालो. ट्रॅक्टरवाल्याने मागील निळसर लोटाकडे पाहून मनापासून दाद दिली: "जाळ आन् धूर संगटच की वो!" पंत वाटभर मला १९७७ सालची कथा सांगत होते, की रेनोने ग्राँ प्रीमध्ये प्रथम टर्बोची गाडी आणली तेव्हा ती इतकी धुरायची की लोक तिला पिवळी किटली म्हणत, आणि दोनच वर्षांत त्याच किटलीच्या धाकट्या बहिणीने दिजाँची शर्यत जिंकली. मी धुराने खोकत होतो.

आता एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. टर्बोची गाडी थांबताक्षणी बंद करावयाची नसते. आतील तप्त दांड्यापाशी अडकलेले तेल करपून त्याचा कोळसा होतो; म्हणून इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून ते निवू द्यावे लागते. पंत रोज सायंकाळी फाटकाशी गाडी उभी करून घड्याळाकडे पाहत ते मिनिट पाळीत, आणि दिवसातील तेवढेच मिनिट ते गप्प असत. ज्या वर्षी माझी पत्नी गेली, त्या वर्षी मी संध्याकाळी फाटकाशीच उभा असे. घरात जाण्याचे काही कारण नसे. पंत डावीकडील दार आतून उघडीत, मी बसे. चाळीसएक सेकंद गेले, की ते समोर पाहतच विचारीत, "जेवलात का, सर?" याहून अधिक सांत्वन त्यांनी केले नाही, आणि ज्यांनी अधिक केले त्यांची नावे मला आज आठवत नाहीत.

२०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाही. त्याच वर्षी सुधारलेल्या कायद्यात प्रत्येक फेरफारास पाच हजार दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंतांनी आपली नोंदवही काढून फेरफार मोजले. त्रेचाळीस भरले. "दोन लाख पंधरा हजार!" ते म्हणाले, आणि त्या स्वरात भीतीपेक्षा अभिमानच अधिक होता. परंतु २०२१ साली गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत भरली, आणि मुदतवाढीकरिता ती तपासणीस नेणे प्राप्त झाले.

सहा आठवडे लागले. माळ्यावरून हेड, चेंबर, दट्टे, बेंड पाइप, एकेक वस्तू खाली उतरली. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नोंदवहीचा अनुक्रमांक. टर्बो निघाला. ताट निघाले, ते पंतांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला आणून दिले. धगीने त्यावर सोनेरी, जांभळे, मोरपंखी पट्टे उमटले होते. अक्षरे मात्र शाबूत होती. ते सध्या माझ्या पुस्तकांच्या फळीवर उभे आहे, हे पंतांस कळविण्याचे कारण नाही.

परिवहन कचेरीतील निरीक्षकाने चॅसिस क्रमांक पडताळला, बॉनेट उचलले, बराच वेळ आत पाहिले आणि शिक्का उचलीत तो प्रशंसेने म्हणाला, "गाडी छान ठेवलीय तुम्ही. कुठं काही केलेलं दिसत नाही."

परतीच्या वाटेवर पंत बोलले नाहीत. दोन वेळा उतारावर त्यांनी पाय उचलला, दोन्ही वेळा मी वाट पाहिली. ध्वनी आला नाही, ना गाडीचा, ना त्यांचा. फाटकाशी येऊन त्यांनी हँडब्रेक ओढला. किल्लीकडे गेलेला हात मधेच थांबला आणि मांडीवर परतला. निवण्यासारखे आत आता काही उरले नव्हते. तरी इंजिन मंद चालू होते, आणि पंत मनगटावरील घड्याळ पाहत होते. मीही दार उघडले नाही.

"जेवलात का, सर?" त्यांनी विचारले.