हिंजवडीत अठरा चाकी ट्रक कसा उभा करावा

हिंजवडीत अठरा चाकी ट्रक रस्त्यावर उभा केला, तर वाकडच्या पुलापासून माणपर्यंत आपल्या घराण्याचा उद्धार होतो. घरात उभा केला, तर फक्त घरातली माणसे बोलतात. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या पर्यायाची, म्हणजे किटमधले प्लॅस्टिकचे भाग जोडून केलेल्या छोट्या प्रतिकृतीची शिफारस करते.

पात्रता

इच्छुक व्यक्ती राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कोणत्याही टप्प्यात नोकरीला असावी. शिवाजी चौकात डंपरच्या मागे उभे राहून तिने जड वाहनांना मनसोक्त शिव्या घातलेल्या असाव्यात. ही अट शिथिल होणार नाही. ज्याला ट्रकचा राग येत नाही, त्याला ट्रकचा लळाही लागत नाही. तो पुढे विमानांच्या किटकडे वळतो आणि मग त्याचा आपला संबंध राहत नाही.

ट्रकची निवड

ट्रक नाकवालाच हवा. म्हणजे लांबलचक बोनेट, त्यामागे केबिन आणि केबिनच्या दोन्ही अंगांना आकाशाकडे तोंड केलेले सायलेन्सर. पीटरबिल्ट ३५९ आणि केनवर्थ डब्ल्यू ९०० ही या पंथाची दोन दैवते. स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’मध्ये (१९७१) एका बिचाऱ्या मोटारवाल्याचा पाठलाग करतो तो जुना पीटरबिल्टच. हिंजवडीकरांना त्या चित्रपटातली भीती समजते, पाठलागाचा वेग मात्र समजत नाही.

अमेरिकेत ही नाके टिकली त्यामागे कायदा आहे. पूर्वी तिकडच्या अनेक राज्यांत ट्रेलरसकट अख्ख्या गाडीची लांबी मोजत. त्यामुळे चपट्या तोंडाचे ट्रक सोयीचे पडत. १९८२च्या कायद्याने प्रमुख महामार्गांवर फक्त ट्रेलरची लांबी मोजायचे ठरले आणि नाकाला मोकळे रान मिळाले. आपल्याकडे नाक आखूड होत गेले, कारण नाकावर माल लादता येत नाही.

अमेरिकन ट्रकची किट्स एएमटी आणि रेव्हेल यांची, १:२५ प्रमाणातली. इटालेरीची युरोपीय व्हॉल्वो-स्कानिया १:२४ची. दोन्ही प्रकार एका फळीवर शेजारी ठेवू नयेत. जाणकार पाहुणा नेमके तिथेच बोट ठेवतो. असा पाहुणा आजवर हिंजवडीत कोणाकडे आल्याचे ऐकिवात नाही, पण तयारी असावी.

किट परदेशातून येते, त्यामुळे सीमाशुल्काची मानसिक तयारी ठेवावी. शुल्काच्या तक्त्यात ९५०३ या क्रमांकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि लहान प्रमाणातल्या प्रतिकृती एकाच रांगेत बसवलेल्या आहेत. या खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३मध्ये ७० टक्के. सरकारच्या लेखी आपला पीटरबिल्ट बाहुलीच्या पंक्तीला बसतो. घरच्यांच्या लेखीही. या एका बाबतीत शासन आणि कुटुंब यांचे एकमत आहे, तेव्हा वाद घालू नये.

जागा

चाळीस फुटी ट्रेलर म्हणजे १२.१९ मीटर. त्याला २५ने भागले की ४९ सेंटिमीटर. पुढे ओढणारा ट्रक जोडला की एकूण लांबी सव्वादोन फुटांच्या आसपास जाते. टू बीएचकेच्या शोकेसमध्ये सव्वादोन फूट सलग रिकामी जागा नसते. तिथे कंपनीने दिलेल्या ट्रॉफ्या असतात. त्यांतल्या कोणत्या काढायच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. बहुतेकांना फार विचार करावा लागत नाही.

कामाची जागा मात्र स्वयंपाकघरातच आहे. ट्रकच्या किटमध्ये सगळ्यात नाजूक भाग म्हणजे चेसी. दोन लांब पट्ट्या आणि मधले आडवे तुकडे. त्यात केसभर पीळ राहिला, तरी शेवटी एक चाक हवेत तरंगते आणि तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असते. म्हणून चेसी अगदी सपाट पृष्ठभागावर जोडून, वर वजन ठेवून रात्रभर सुकू द्यावी. फ्लॅटमध्ये असा पृष्ठभाग एकच, ओट्याचा ग्रॅनाइट. परवानगी अगोदर घ्यावी. रात्री अकरानंतर मागितलेली परवानगी लवकर मिळते, कारण समोरचे माणूस झोपेत असते.

कृती

किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात, त्यापासून ते ओढून तोडू नयेत. कटर नसेल तर जुना नेलकटर चालतो. गोंद किटचाच वापरावा. तो प्लॅस्टिकला वरून चिकटत नाही, ते विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरतात. म्हणूनच क्रोमच्या भागांवर तो काम करत नाही. बंपर, डिझेलच्या टाक्या, भोंगे, सायलेन्सर, सगळे चकचकीत. पण जिथे जोड यायचा, तिथला मुलामा ब्लेडने खरवडून खालचे प्लॅस्टिक उघडे करावेच लागते. एखादा भाग पूर्ण सोलायचा असेल, तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवावा. वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नये.

टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यातले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे पाझरून रिमचे प्लॅस्टिक खाते. मधे रंगाचा किंवा चांदीच्या वर्खासारख्या पातळ फॉइलचा थर द्यावा. अठरा चाके आहेत, हे लक्षात ठेवून संयम वाटून घ्यावा.

स्प्रेचा रंग आषाढात मारू नये. हवेतला दमट अंश सुकत्या लॅकरमध्ये अडकतो आणि लाल केबिन दुधात बुडवल्यासारखी पांढुरकी होते. उन्हाळ्यात वेगळा पेच. खिडकी बंद ठेवली तर थिनरने डोके धरते, उघडी ठेवली तर समोर चढणाऱ्या टॉवरची सिमेंटची धूळ ओल्या रंगावर बसते. परदेशात ट्रक वापरलेला दिसावा म्हणून हौशी लोक रंगीत भुकटीच्या बाटल्या विकत घेतात आणि या कलेला वेदरिंग म्हणतात. हिंजवडीत ही सेवा घरपोच आणि विनामूल्य आहे.

देशी ट्रक

इथवर आलेल्या वाचकाला एक दिवस प्रश्न पडतो, आणि पडावाच. आपला ट्रक कुठे आहे? टाटांच्या टेल्कोने १९५४मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरातून मर्सिडीजचा तारा लावलेले नाकवाले ट्रक निघू लागले. करार १९६९ला संपला, तारा उतरला, ‘टी’ चढला. १२१० हा त्याच घराण्यातला. असल्या आकड्यांत आधी टनांचे वजन असते आणि मागे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. तिकडे कुर्ल्याला प्रीमियरचे फार्गो आणि डॉज होते. १९८६ला पुण्यात टाटांचा ४०७ आला. आज वाहनांचे आराखडे आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी यांची मुख्यालये हिंजवडीतच आहेत. दिवसभर गाडीचा एकेक नट पडद्यावर फिरवणारा माणूस रात्री टेक्सासचा ट्रक जोडत बसतो, याला माझ्या मते छंद म्हणत नाहीत, स्थलांतर म्हणतात.

आणि गंमत अशी की आपला ट्रक मुळातच किट होता. कारखान्यातून निघायची ती चेसी, इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा. पिंपरीहून निघालेल्या अशा उघड्या गाड्या तोंडाला फडके बांधलेला ड्रायव्हर खोक्यावर बसून महामार्गाने नेताना अनेकांनी पाहिला असेल. पुढची लाकडी केबिन, हौदा, फाळके, रंग, लिंबू-मिरचीची जागा, सगळे बॉडी बांधणारा मिस्त्री ठरवायचा. सूचनापत्रक नव्हते. म्हणून दोन ट्रक एकसारखे दिसत नसत.

तेव्हा देशी ट्रक आपणच मिस्त्री होऊन बांधावा आणि हौदा काड्यांचा करावा. आईस्क्रीमची काडी साधारण १० मिलिमीटर रुंद असते. पंचवीस पट केली की बरोबर २५ सेंटिमीटरची फळी. चेसी प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापावी. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे की नाही, हे आपापल्या जबाबदारीवर ठरवावे. महाराष्ट्राने २०१५ला ते बंद केले आणि आदेशात प्रमाणाचा उल्लेख नाही.

मापे कुठून आणायची, ही शेवटची अडचण. टायरच्या कडेला ९.००-२० असे छापलेले असते. असा टायर सुमारे एक मीटर उंच, म्हणजे १:२५मध्ये चार सेंटिमीटर. बाजूने सरळ काढलेल्या फोटोत टायर पूर्ण दिसत असेल, तर त्यावरून बोनेटपासून फाळक्यापर्यंत सगळे मोजता येते. तर उद्या संध्याकाळी कोंडीत एखादा जुना नाकवाला टाटा शेजारी येऊन थांबला, तर हॉर्न वाजवू नका. शेजारच्या सीटवरच्याला काच खाली करून फोटो काढायला सांगा, उस्तादांना हात करा आणि मागच्या चाकाचे पाटे किती आहेत तेवढे मोजून घ्या. गाड्या हलायच्या आत दोनदा मोजून होतील.