दंड वाचनालयाला, नारळ लेखकाला

लातूरकडच्या मुरुडच्या वाचनालयातली हातोहात फिरणारी एखादी कादंबरी घ्या आणि मागचं पान उघडा. तारखांच्या शिक्क्यांनी चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, तीही भरत आलेली. पुठ्ठा सुटलेला. एवढं वाचलं गेल्यावर लेखकाला काय मिळालं? दोनशेच्या पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी धरली तर वीस रुपये, तेही प्रकाशकानं हिशेब दिला तर! पुस्तक परत करायला उशीर झाला की दंड वाचनालयाला. लेखकाला व्याख्यानमालेत शाल आणि नारळ.

१९५७ चा कॉपीराइट कायदा सिनेमा किंवा संगणकाचा प्रोग्राम भाड्यानं देण्याचा हक्क मालकाला देतो. पुस्तकाला नाही. नांदेडचे लेखक नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या लेखनाचा हक्क कायदा २०४२ संपेपर्यंत राखणार. पण त्यांचं पुस्तक वाचनालयातून कितीदा का जाईना, त्यापोटी घरी भोपळाच.

वाचनालयातल्या देवघेवीपोटी लेखकांना पैसे द्यायला डेन्मार्कनं १९४६ मध्येच सुरुवात केली. इंग्लंडात कादंबरीकार जॉन ब्रॉफींनी १९५१ मध्ये मागणी केली, दर देवघेवीला एक पेनी लेखकाला द्या. पुढं त्यांची लेक ब्रिजिड भांडत राहिली. कायदा १९७९ मध्ये, पैसे १९८४ मध्ये. सरकारी काम तिकडंही सरकारीच! पण पैसे सरकार भरतं. वाचकाच्या खिशाला हात नाही. मोजणी निवडक ग्रंथालयांतली, आणि एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर नाही, म्हणजे गाजलेल्यांनीच पंगत झोडू नये.

आपल्याकडं महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे. त्यातूनच लेखकाचे पैसे कापा म्हणणाऱ्यानं आधी गावातल्या ग्रंथपालाच्या पगारात महिना काढून दाखवावा. तरतूद वेगळीच हवी. मोजायचं कसं? देवघेवीचं रजिस्टर असतंच, वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडं जातोच. (२०१२ ची वाचनालयांची सरकारी पडताळणी आठवणारे इथं हसतील. तपासणीच्या आदल्या रात्री भरलेल्या रजिस्टरात सगळेच लेखक लोकप्रिय असतात.)

लातूर-नांदेडच्या आमदारांनी अधिवेशनात हा प्रश्न टाकावा. उत्तर ‘बाब विचाराधीन आहे’ असंच येईल. तरी टाका. इंग्लंडात मागणीपासून पैशापर्यंत तेहेतीस वर्षं गेली. आपली अजून सुरूच झालेली नाहीत.