संकष्टी आणि प्रोस्टेटची गोळी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये मराठी माणसाला मुतखडा झाला की पहिला उपचार सांगलीहून येतो, डॉक्टर मागाहून. आईने फोनवर कुळथाचं कढण फर्मावलं. रूट 59वरच्या देशी दुकानात कुळीथ मिळाले, मी निष्ठेने कढण प्यालो आणि नऊ मिलिमीटरचा खडाही माझ्यासोबत प्याला. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे उतरणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. तो उतरणार कुठून?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुर्बीण घालू, लेसरने चुरा करू. कुठे कापायचं नाही, टाका नाही." मी विचारलं, दुर्बीण कुठून घालणार? त्यांनी चित्र दाखवलं. त्यानंतर मी काही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधी आठवडाभर रोज टॅमसुलोसिनची एक गोळी घ्यायची होती. फार्मसीच्या खिडकीतल्या मुलीने ती देताना खणखणीत आवाजात विचारलं, "प्रोस्टेटची ही गोळी पूर्वी घेतलीय का?" मागे रांगेत आमच्या मंडळाच्या नाटकातली माझी नायिका उभी होती. त्या नाटकात मी अजून कॉलेजात आहे.

त्या मुलीचं चुकलं नव्हतं. 1997 साली अमेरिकेत ही गोळी मंजूर झाली ती प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांसाठीच. पण ती ज्या स्नायूंना सैल करते, तसलेच स्नायू मूत्रवाहिनीच्या भिंतीतही असतात. दुर्बिणीची ये-जा सोपी व्हावी म्हणून मूत्रवाहिनीत आधी एक आवरणनळी सरकवतात. ती बऱ्याचदा या वाहिनीपेक्षा जाडच असते. 2013 साली पॅरिसच्या ऑलिव्हिए ट्राक्सेर यांनी एका सहकाऱ्यासोबत अशा 359 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 46.5 टक्के जणांच्या मूत्रवाहिनीला या नळीने कमीअधिक इजा झालेली होती. कासार आधी हात दाबून मऊ करतो, मगच बांगडी चढवतो. नाहीतर मनगट सोलतं. गोळीचं काम ते दाबण्याचं. याच जातीची सिलोडोसिन देऊन दक्षिण कोरियात 2018 साली चाचणी प्रसिद्ध झाली, तिथे नळी सरकवायला जोर कमी लागला.

एवढं सगळं वाचणाऱ्या मी बाटलीवरची एक ओळ मात्र वाचली नाही: रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावी. त्यात आली संकष्टी. मुतखडेवाल्याने कोरडा उपास करू नये हे आईलाही ठाऊक होतं, पण तिने तो माझ्या खड्यासाठीच धरायला लावला होता. जुलैत इथे सूर्यच साडेआठला मावळतो, चंद्र उगवतो दहाच्या पुढे. म्हटलं, तोवर गोळी तरी घेऊन टाकू. उपाशीपोटी या औषधाची रक्तातली कमाल पातळी 40 ते 70 टक्क्यांनी चढते, आणि आपण उठलो की रक्तदाब खाली बसतो. बायको अंगणातून ओरडली, "अहो, चंद्र दिसला!" मी पाटावरून ताडकन उठलो. मला दोन दिसले. पुढचं आठवतं ते नैवेद्याचं ताट, आणि त्यातल्या मोदकांवर माझं कपाळ.

"नमस्कार एवढा वाकून कशाला?" बायको म्हणाली.

गोळीच्या माहितीपत्रकात आणखी एक दुष्परिणाम दिला होता, तो वैवाहिक आहे. त्याबद्दल एवढंच सांगतो की आमच्या घरी त्यावर तक्रार आली नाही आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. नळी जोर न लावता गेली, लेसरने खड्याचा चुरा केला आणि आत काही दिवसांसाठी स्टेंट राहिला. स्टेंटचं वर्णन करत नाही. ज्यांनी भोगलाय ते मान डोलावतील. ही गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही, काहींना आधी स्टेंट घालून वाहिनी रुंद होऊ देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण दोन गोष्टी करायच्या. गोळी जेवून घ्यायची आणि सावकाश उठायचं. आणि पुढे कधी मोतीबिंदू काढायची वेळ आली, तर ही गोळी घेतल्याचं डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच सांगा. ती बंद करून वर्षं लोटली तरी सांगा, कारण डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदाही तिने सैल पडतो.