सुरक्षित उपनगराचे गुपित

आमचे उपनगर पुण्यातले सर्वांत सुरक्षित उपनगर आहे. हे आम्ही म्हणत नाही, आकडे म्हणतात. आकड्यांना रात्री साडेअकरानंतर आमच्या गल्लीतून घरी यायचे नसते, म्हणून ते इतक्या ठामपणे बोलू शकतात. हे यश एकट्या पोलिसांचे नाही. सोसायट्यांचे पदाधिकारी आणि आम्ही नागरिक यांनीही त्यासाठी घाम गाळला आहे.

आता हेच पाहा. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा मोबाइल पीएमपीच्या गर्दीत गेला. पर्सला ब्लेड मारून कोणीतरी काढून नेला. काकू फाटकी पर्स घेऊनच ठाण्यात पोहोचल्या. ठाणे अंमलदारांनी पर्स उलटसुलट करून पाहिली, काकूंना बसायला खुर्ची दिली आणि आपुलकीने विचारले, "मावशी, काढताना पाहिलंत का तुम्ही?"

"पाहिलं असतं तर काढू दिला असता का?"

"मग चोरी कशावरून? पडला असेल गर्दीत. गहाळची नोंद करून टाका. ऑनलाइन होते, सिमकार्डपण लगेच मिळतं. गुन्हा दाखल केला तर उद्या कोर्टाच्या खेपा तुम्हालाच."

"आणि ही पर्स?"

"जुनी दिसतेय."

काकू दाखला घेऊन घरी आल्या आणि शहरातली एक चोरी कमी झाली. चोराला हातही न लावता चोरी नाहीशी करण्याची ही विद्या स्कॉटलंड यार्डालाही जमलेली नसेल.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2013 साली ललिता कुमारी खटल्यात दिला. निकाल दिल्लीहून निघाला आहे. वाटेत वाहतूककोंडी असावी.

नव्या कायद्याने तर कामच सोपे केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एन.सी. घ्यायची आणि घरी जायचे, कारण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मुलाची सायकल नऊ हजारांची होती, असे सांगणाऱ्या बापाला मग विचारले जाते, "घेतली कधी? तीन वर्षं झाली? मग आता हिचे काय येणार?" आयकर खातेसुद्धा इतका उदार घसारा देत नाही. जागरूक नागरिकाने घरात चार हजार नऊशेच्या वरची वस्तू ठेवूच नये. शहराच्या लौकिकाचा प्रश्न आहे.

राहता राहिला कोयता. ऊसतोडीचे हे अवजार पुण्यात ऊस नसलेल्या वस्त्यांमध्ये जास्त चालते. रात्री दोनला तिघेचौघे येतात, "आम्ही इथले भाई" अशी आरोळी ठोकतात आणि रस्त्याकडेच्या रिक्षा, टेम्पो, मोटारींच्या काचा फोडत जातात. पकडल्यावर त्यातले काही सोळा-सतरा वर्षांचे निघतात. कागदोपत्री त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात; संघर्ष विधीशी, काचा आमच्या. यावर उपाय म्हणून कोयता विकताना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या 2023 साली आल्या होत्या. तेव्हापासून आम्ही निश्चिंत आहोत. वार करणारा निदान केवायसी झालेला असेल. शिवाय गल्लीतल्या वीस गाड्या फुटल्या आणि फिर्याद एकाचीच घेतली, तर गुन्हा एकच होतो. उरलेल्या एकोणीस जणांनी काचेचे बिल विमा कंपनीला द्यावे आणि आकड्याला त्रास देऊ नये.

आमच्या सोसायटीचाही यात वाटा आहे. गेटवर 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीत आहात' असा फलक आहे. एका कॅमेऱ्यात गुलमोहराची फांदी सुरेख दिसते, दुसऱ्यात दोन वर्षांपासून कोळी राहतो. डीव्हीआरचा पासवर्ड मागच्या सेक्रेटरींना ठाऊक आहे आणि त्यांचे आताच्या सेक्रेटरींशी पार्किंगवरून बोलणे नाही. तरीही पार्किंगमधून स्कूटर गेली तेव्हा कमिटीची तातडीची बैठक झाली. "ठाण्यात जायची घाई नको, सी विंगमधल्या दोन फ्लॅटचा सौदा चालू आहे," असे ठरले. स्कूटरवाल्याने आधी आवाज चढवला. त्यातला एक फ्लॅट त्याचाच आहे, हे लक्षात आल्यावर उतरवला.

अशी सगळीकडची मेहनत शेवटी दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जमा होते. 1986 साली स्थापन झालेला हा विभाग दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांचे जाडजूड खंड काढतो. त्याचा एक नियम आमच्या फार आवडीचा आहे. एका एफआयआरमध्ये कितीही कलमे असली, तरी मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात. चोर घरात शिरला, दागिने घेतले आणि जाता जाता खून केला, तर मोजायचा फक्त खून. दागिने त्यावर सूट. दर काढतात लाख लोकसंख्येमागे. महानगरांसाठी ही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरली जाते. त्यानंतर हिंजवडी-वाघोलीत येऊन राहिलेल्यांनी स्वतःला लुटू द्यायला हरकत नाही, मात्र भागाकारात घुसू नये.

गंमत म्हणजे हाच विभाग आपल्या अहवालात स्वच्छ बजावतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या राज्यात पोलीस तत्परतेने तक्रार लिहून घेत असतील, तर त्या राज्याचा आकडा फुगणारच. केरळ अशा तक्त्यांत वरच्या रांगेत दिसतो म्हणून तिथले लोक दारे-खिडक्या लावून बसलेले नाहीत. पण ही सूचना वाचायला वेळ कोणाला आहे? आकडा वाढला की विधिमंडळात गोंधळ, वर्तमानपत्रात ठळक मथळा आणि ठाण्याच्या निरीक्षकाची बदली. आपला भाग सुरक्षित आहे याचा पुरावा म्हणून आपणच कमी आकडा मागतो आणि व्यवस्था आज्ञाधारकपणे तो आणून देते.

म्हणून एक व्यवहाराचे सांगतो. ठाण्यात गहाळचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी काय घडले ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. नाहीच घेतले, तर तीच तक्रार उपायुक्तांना टपालाने पाठवा आणि तरीही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे मार्ग दिलेले आहेत. यामुळे आपल्या उपनगराचा पहिला नंबर जाईल, फ्लॅटचा भावही थोडा उतरेल. उतरू द्या. आणि एफआयआर झाला की त्याची प्रत घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. ती फिर्यादीला फुकट द्यावी लागते.