पद्मिनीनिष्ठ गृहस्थ

महाराष्ट्रातील निवृत्त मध्यमवर्गीय पुरुषांचे वर्गीकरण करू गेल्यास भजनी मंडळातले, हास्यक्लबातले आणि सोसायटीच्या कार्यकारिणीतले असे तीन गट सहज हाती लागतात. अभ्यासकांनी उपेक्षिलेला चौथा गट पद्मिनीनिष्ठ गृहस्थांचा होय. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११००वरून घडलेली आणि १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेली ही मोटार त्याला वडिलांकडून आलेली असते. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्यावर हक्क सांगणाऱ्या भावंडांनी मोटारीकडे ढुंकूनही न पाहिल्यामुळे तिच्यावरील त्याची मालकी मात्र निर्विवाद असते.

या गृहस्थाच्या आयुष्याला खरी दिशा मिळते ती मोटारीचे १०८९ सीसीचे इंजिन ‘तेल पिऊ’ लागल्यावर. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत झिजली की खालचे तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळते आणि मागून निळा धूर निघतो. हा धूर तो पहिले वर्षभर, मे महिन्यासकट, थंडीच्या खात्यावर टाकतो. त्यानंतर तो एक जुनी डायरी काढतो, तिच्यात इंजिनासाठी बेताची रक्कम लिहितो आणि उरलेल्या सर्व कामांपुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारतो. पुढील सर्व शोकान्तिकेचे बीज या शेऱ्यात असते.

पर्यायांचा त्याचा अभ्यास दांडगा असतो, कारण शेवटी भेटलेल्या मेकॅनिकचे मत तो पुढच्याला स्वतःचे म्हणून ऐकवतो. प्रीमियरच्याच ११८ एनई मोटारीतले निसान बनावटीचे ११७१ सीसीचे इंजिन त्याला ‘घरचेच’ वाटते; परंतु त्याच्यासोबत त्याचा गिअरबॉक्सही घ्यावा लागतो, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळून जमिनीवर येतो म्हणून पत्रा कापावा लागतो, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्टही नव्या लांबीचा करून घ्यावा लागतो. मारुती एस्टीमचे १३०० सीसीचे हलके इंजिन मोडीत स्वस्त मिळते, पण ते आडवे बसून पुढची चाके फिरवते, तर पद्मिनीला उभे बसणारे इंजिन हवे असते. त्याच कुळातले उभे इंजिन जिप्सीत सापडते. मात्र जिप्सीचे मालकही तितकेच निष्ठावंत असल्याने ते विकायला काढत नाहीत.

कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात तो दिवसभर घासाघीस करून पाचशे रुपये वाचवतो आणि टेम्पोच्या भाड्यात त्याहून अधिक घालवतो. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशनची चाचणी इंजिनाची प्रकृती सांगते, हे त्याला पाठ असते. परंतु जमिनीवर तेलात लोळत पडलेल्या इंजिनाची ती घेता न आल्याने ‘चालू गाडीतून उतरवलंय’ या विक्रेत्याच्या शब्दावर, ज्याने आयुष्यभर पासबुक दोनदा तपासले, तो हा गृहस्थ निमूटपणे पैसे मोजतो.

मग आरटीओचा अध्याय सुरू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटारीत करता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या जातीचे इंजिन आणि वेगळा क्रमांक हे कागदावर अडचणीचेच ठरते. याच सुमारास, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचा २०२१चा नियम त्याच्या कानी पडतो, आणि काल एस्टीमची तरफदारी करणारा माणूस एका रात्रीत मूळ इंजिनाचा कट्टर पुरस्कर्ता होतो. आणलेले इंजिन जिन्याखाली जाते. पत्नीच्या कुंड्यांना त्याची बैठक उत्तम लाभते.

या जमातीच्या खर्चाचा हिशेब पाहता निष्कर्ष एकच निघतो, तो असा की दुसरे इंजिन स्वस्त असते, ते बसवणे महाग असते. म्हणून ज्यांच्या दारात अशी मोटार उभी आहे त्यांनी बाजार गाठण्यापूर्वी जुना ब्लॉक लेथवाल्याकडून मापून घ्यावा. सिलिंडर किंचित मोठे कोरून, म्हणजे बोअर करून, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवता येत असतील, किंवा झिजेची हद्द संपली असल्यास नवे लायनर ठोकून भागत असेल, तर इंजिनाचा क्रमांक तोच राहतो, गिअरबॉक्स तोच राहतो आणि डायरीतले ‘किरकोळ’ खरोखरच किरकोळ राहते.