अलिबागच्या बंगल्यात पृथ्वी कशी ठेवावी

किहीम, आवास किंवा नागावला बंगला बांधला, वाडीत पोहण्याचा तलाव खणला, तरी पाहुणे पुरेसे दिपत नाहीत, अशी अनेक बंगलेमालकांची व्यथा आहे. कारण उघड आहे. दिवाणखान्यात पृथ्वी नसते. ती बसवण्याचे नियम असे:

१. निवड. शाळेतला निळा गोल आणू नये. त्यावरचे देश वाचता येतात. आपल्याला हवा तो चहा सांडल्याच्या रंगाचा, समुद्रात गलबतं आणि अक्राळविक्राळ मासे असलेला, पितळी कड्यात बसवलेला गोल. एखादा खंड कमी भरला तर दुकानदाराशी भांडू नये. मार्टिन बेहाइमने १४९२ साली न्यूरेंबर्गला करवून घेतलेला गोल आज टिकून असलेल्या पृथ्वीच्या गोलांत सर्वांत जुना, आणि त्यावर अमेरिकाच नाही. गोलावर 'सोव्हिएत संघ' दिसला, तर माल १९९१ च्या आधीचा आहे असं सांगून तो 'अँटिक' म्हणून मिरवावा.

२. अधांतरी गोल. चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगणारा गोल सध्या जोरात आहे. मात्र तो विजेवर चालतो, आणि पहिल्या वळवाला वीज गेली की पृथ्वी धाडकन टेबलावर येते. खाली उशी ठेवावी. शिवाय आपण कुठे राहतो याचं भान असावं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. इथल्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व आजही मोजतात. तिकडे फिरायला जाताना आपली पृथ्वी घरीच ठेवावी.

३. निगा. खाऱ्या वाऱ्याने पितळी कडं हिरवं पडतं. त्याला 'जुनेपणाची झाक' म्हणावं. जुलैत कागद ओल धरतो आणि आफ्रिका कडेने सुटू लागते. डिंक लावू नये. पाहुण्यांना सांगावं, खंड सरकतात हे शास्त्राने सिद्धच केलं आहे.

४. सोबतच्या वस्तू. गोल एकटा शोभत नाही. इरलं, घंगाळ, जातं, जाळं असा गोतावळा लागतो. इथे एकच नियम पाळावा: वस्तू कामातून गेली की शोभेला येते. इरलं भिंतीवर टांगून त्यावर पिवळा दिवा सोडावा. भरपावसात माळीकाका प्लास्टिकचा कागद पांघरून फाटक उघडायला धावतील, त्याकडे लक्ष देऊ नये. घंगाळात पाणी भरून फुलं सोडावीत. जात्यावर काच ठेवली की टीपॉय होतो. मासळीचा वास येणारं जाळं घेऊ नये. ते अजून नोकरीत आहे, त्याला कोळीवाड्यातच राहू द्यावं.

५. संभाषण. पाहुण्याने गोल फिरवला की आपण लंडन, लिस्बन, टोकियो एवढंच बोलावं. पाहुणा चौलचा विषय काढू पाहील. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने हे बंदर 'सिमिल्ला' म्हणून नोंदवलं, पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला, वगैरे. त्याला वेळीच थांबवावं. ज्या जगाची शोभा आपण विकत आणली, ते पूर्वी फुकट इथे येत होतं, हे कळलं तर गोलाचा भाव पडतो.

६. खबरदारी. गोलावर अलिबाग शोधू नये. तीस सेंटिमीटरच्या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रोने तासभर खाल्लेला वारा तिथे अर्ध्या मिलिमीटरचा आहे, आणि मांडव्यापासून मुरूडपर्यंतचा अवघा किनारा एखाद-सव्वा मिलिमीटरचा. तरी कुणी हट्टच धरला, तर 'मुंबई'चा ठिपका दाखवावा. तो दोन मिलिमीटरचा असला, तरी अलिबाग त्याच्याखाली आरामात मावतं. जागेचे दलाल गेली कित्येक वर्षं हेच तर सांगत आहेत.