‘लिहितोय सर’ आणि ‘वाचतोय’

पीएच.डी. करणाऱ्याला विद्यापीठ दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल भरायला लावतं. त्यात गाइडसाठी एक रकाना असतो आणि त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘प्रगती समाधानकारक आहे’ असंच लिहिलेलं सापडतं. समाधान नेमकं कोणाचं झालं, हे सांगायची सोय फॉर्मात नाही. विद्यार्थी समाधानी, कारण आणखी सहा महिने पदरात पडले. गाइड समाधानी, कारण फॉर्म मुदतीत गेला. कार्यालयातले भाऊसाहेब समाधानी, कारण दोन्ही प्रतींवर शिक्का उमटलाय. प्रबंधाला कुणी विचारत नाही. तो बिचारा ‘प्रकरण पहिले : प्रस्तावना’ एवढ्या मथळ्याखाली मुकाट पडून असतो.

माझी सगळी नोकरी अशा माणसांच्या सहवासात गेली. त्यावरून सांगतो, गाइड आणि विद्यार्थी यांच्यातला व्यवहार दोनच वाक्यांवर चालतो. विद्यार्थी म्हणतो, ‘लिहितोय सर.’ सर म्हणतात, ‘वाचतोय.’ ही दोन वाक्यं एकमेकांना इतका भक्कम आधार देतात, की वर्षानुवर्षं त्यांच्यामध्ये एकही पान नसलं तरी चालतं.

सुरुवातीला असं नसतं. पेट ही प्रवेशपरीक्षा झालेली असते, मुलाखत झालेली असते, कोर्सवर्कमध्ये पंचावन्न टक्क्यांची अट ओलांडलेली असते. आरआरसीपुढे, म्हणजे संशोधन व मान्यता समितीपुढे, सिनॉप्सिस मांडताना एका सदस्यानं ‘विषयाची व्याप्ती कमी करा’ आणि दुसऱ्यानं ‘व्याप्ती थोडी वाढवा’ असं सांगितलेलं असतं, आणि दोघांनाही ‘हो सर’ म्हणून झालेलं असतं. पत्र हातात पडतं तेव्हा विद्यार्थी पेढे घेऊन येतो. पहिले चार महिने तो रोज दिसतो. व्हॉट्सॲपवर सकाळी सुप्रभात, संध्याकाळी एखाद्या लेखाची पीडीएफ. मग हळूहळू सुप्रभात थांबतं. मग ‘लास्ट सीन’ बंद होतं. उधारी थकली की माणूस जसा वाण्याच्या दुकानावरून जायचं टाळतो, तसा हा विभागाच्या मागच्या जिन्यानं ग्रंथालयात जायला लागतो. कधी नाइलाज झालाच तर शिपायाला विचारतो, ‘सर आहेत का?’ या प्रश्नाचा सूर नीट ऐकावा. ‘मीटिंगला गेलेत’ हे उत्तर मिळाल्यावर तो जसा हळहळतो, तितकी खोटी हळहळ मी नाटकातसुद्धा पाहिलेली नाही.

पण गाइडही त्याच जिन्यानं जातो, हे विद्यार्थ्यांना माहीत नसतं. गाइड जातो, कारण मागे कधीतरी विद्यार्थ्यानं दुसरं प्रकरण खरंच आणून दिलेलं असतं. सत्तर पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. ते सरांच्या टेबलावर आहे. त्याच्यावर नॅकची फाइल, तिच्यावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, त्याच्यावर कुठल्याशा समितीचं इतिवृत्त. सरांना रोज खुर्चीत बसताना त्या कव्हराची एक कड दिसते. समोरून विद्यार्थी येताना दिसला की सर मोबाइल कानाला लावतात आणि विद्यार्थी नोटीस बोर्ड वाचू लागतो. दोघंही सज्जन, दोघंही एकमेकांना घाबरलेले. गाइड-विद्यार्थी संबंध बिघडल्याच्या कहाण्या आपण फार ऐकतो, पण माझ्या पाहण्यात भांडणानं बुडालेले प्रबंध थोडे आहेत. या परस्पर सभ्यतेनं बुडालेले पुष्कळ.

नियमांत यावर इलाज आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे विनियम मी सावकाश वाचले, आणि सरकारी कागदाच्या मानानं ते मला बरेच समंजस वाटले. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत; जुन्यांचे सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. शिवाय दर सत्राला सल्लागार समितीसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही 2016 ची सक्तीही या विनियमांत राहिली नाही. त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं थोडं नुकसान झालं असेल. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटत नाही.

एवढी मोजदाद झाली. विद्यार्थी मोजले, वर्षं मोजली, रजा मोजली, गाइडचं वयसुद्धा मोजलं. गाइडनं प्रकरण वाचलं का, हे मात्र मोजता आलेलं नाही, आणि येणारही नाही. सही वाचून केली की न वाचता, हे कागदावर कळत नाही. शाई एकच.

वाचणारा गाइड काय करतो, याचा एक पुरावा छापील स्वरूपात आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. आंबेडकरांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध पहिल्या खेपेला जसाच्या तसा मंजूर झाला नाही. फेरबदल करून पुन्हा द्यावा लागला, आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी पुस्तक निघालं. त्याला कॅननची प्रस्तावना आहे, आणि तीत गुरुजी सरळ सांगतात, की या लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत. पण काही ठिकाणी त्याचा नेम अचूक बसलाय, आणि जिथे तो मला साफ चुकीचा वाटला तिथेही त्याच्या विचारातला ताजेपणा मला हलवून गेला. आपल्याकडे अशी प्रस्तावना कुणी लिहिली तर विद्यार्थ्याच्या घरचे गाइडशी बोलणं टाकतील. पण एखाद्याचं लेखन इतकं नेमकं नापसंत करायचं तर ते शब्द न् शब्द वाचावं लागतं. ‘अत्यंत मौलिक आणि पथदर्शी’ असं लिहायला पान उलटावंही लागत नाही.

आणखी एक सांगतो, ते विशेषतः ज्यांचा लॅपटॉप ऐन सबमिशनच्या आठवड्यात क्रॅश होतो त्यांच्यासाठी. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं येत होती आणि ती बोट महायुद्धात टॉर्पेडोनं बुडाली. हे कारण कुणाही गाइडला मान्य करावं लागलं असतं. 1920 मध्ये ते परत गेले आणि काम पुरं केलं.

अर्थात वाचणारा गाइड मिळालाच पाहिजे असंही नाही. केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गाइड फ्रेड हॉइल. या हॉइलचे स्वतःचे, विद्यापीठाच्या दफ्तरापुरते मार्गदर्शक होते पॉल डिरॅक. डिरॅकना विद्यार्थी नको होता आणि हॉइलना मार्गदर्शक नको होता, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं, असा तो किस्सा. हॉइलनी शेवटपर्यंत पीएच.डी. घेतली नाही. पण स्वतःकडे विद्यार्थी आला तेव्हा त्यांनी डिरॅकगिरी केली नाही. नारळीकरांना 1963 मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त जगापुढे आला तो दोघांच्या जोडनावानं. आमच्याकडेही शोधनिबंधावर दोघांची नावं असतात. कधी कधी सरांचं आधी असतं आणि आत काय लिहिलंय ते सर व्हायवाच्या दिवशी विचारतात.

पानांच्या बाबतीत आमच्या विद्यार्थ्यांचा न्यूनगंड वेगळाच आहे. चारशे पानांच्या आत प्रबंध दिला तर परीक्षकांचा अपमान होतो अशी समजूत आहे. त्यांना मी कमला सोहोनींची गोष्ट सांगतो. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेशच नाकारला आणि मग अटी घालून घेतलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वर काम केलं आणि 1939 साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध 40 पानांचा. ‘ते विज्ञानात चालतं हो सर,’ असं मला लगेच ऐकवलं जातं. मराठीच्या प्रबंधात पहिली 40 पानं ‘संशोधन म्हणजे काय’ यातच जातात, आणि संशोधन म्हणजे काय ते त्यानंतरही कळत नाही.

दरम्यान विद्यार्थ्याला जगायचंही असतं. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. ती नसेल तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती. यादीत नाव लागणं एक आणि खात्यात रक्कम पडणं दुसरं, हे पुण्यात खोली घेऊन राहणारा प्रत्येक जण जाणतो. अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांनी उपोषणाला बसणं ही काही आता नवी बातमी राहिलेली नाही. गाइडनं यात काय करावं? फॉर्मवर वेळेत सही करावी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण घरभाडं थकलेल्या माणसाला त्या वेळी तीच सही हवी असते, साहित्यसमीक्षा नंतर.

आणि आधाराची खरी माणसं विद्यापीठाच्या कुठल्याच यादीत नसतात. त्यांतला अग्रगण्य म्हणजे विद्यापीठाच्या फाटकासमोरचा डीटीपीवाला. डावीकडे समास दीड इंच का सोडायचा, कोणत्या विद्याशाखेला काळं रेक्झिन, कुठल्या पानापासून आकडे घालायचे, संदर्भसूचीत आडनाव आधी की नाव, हे सगळं त्याला तोंडपाठ. शिवाय तो प्रबंध वाचतो. वाचावाच लागतो, टाइप करायचा असतो. अशाच एकानं आमच्या एका विद्यार्थ्याला सांगितलं होतं, ‘साहेब, तुमच्या तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात एकच परिच्छेद दोनदा आलाय, एक काढू का?’ त्या दोन प्रकरणांवर आधी तीन जणांच्या सह्या झाल्या होत्या.

उचलेगिरी तपासणारं सॉफ्टवेअर आल्यापासून डीटीपीवाल्याचं ज्ञान आणखी वाढलंय. 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य खपवून घेतात. नवा विद्यार्थी हल्ली विषय काय घेऊ असं विचारायच्या आधी ‘सर, किती टक्के चालतं?’ असं विचारतो. त्याच विनियमांत ऋणनिर्देशाला या तपासणीतून वगळलंय, हे ज्या कोणी केलं त्याला आपल्या प्रबंधांची खरी जाण होती. ‘शोधगंगा’ उघडून कोणतेही दहा प्रबंध काढा. ‘ज्यांच्या प्रेरणेशिवाय हे कार्य पूर्णत्वास गेले नसते’ असे गाइड, ‘वेळोवेळी सहकार्य’ करणारे प्राचार्य, ‘पुस्तके तत्परतेने उपलब्ध करून’ देणारे ग्रंथपाल, आणि सगळ्यात शेवटी, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधं आणि स्वयंपाक सांभाळून सहा वर्षं घर चालवणारी पत्नी, जिला ‘मोलाची साथ’ एवढ्या दोन शब्दांत मोकळं केलेलं असतं. संशोधिका असेल तर हेच सगळं तिनं स्वतः केलेलं असतं आणि आभार नवऱ्याचे असतात, परवानगी दिल्याबद्दल.

आमच्या विभागात एक मॅडम होत्या. त्या प्रकरण आठ दिवसांत परत करत, शिसपेन्सिलीनं भरून. ‘हे कशावरून?’, ‘हे तुमचं मत की पुस्तकातलं?’, ‘हे वाक्य मला कळलं नाही, तुम्हाला कळलंय का?’ विद्यार्थी त्यांना टरकून असत. ‘मॅडम एवढं वाचतात कशाला?’ अशी तक्रार माझ्याकडे घेऊन येत. पण त्यांचा एकही विद्यार्थी मागच्या जिन्यानं गेलेला मी पाहिला नाही. टेबलावर कुणाचं काहीच पडून नसे, त्यामुळे लपायला दोन्ही बाजूंना कारण उरत नसे.

त्यांच्याच एका विद्यार्थ्याची व्हायवा आठवते. व्हायवा खुली असते, म्हणजे कुणीही यावं. तालुक्याच्या गावातून आई, काका, मावसभाऊ आणि दोन लहान पोरं जीप करून आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न चौथ्या प्रकरणातल्या तळटीपेवर काढला. पोरगा हसला, कारण तोच प्रश्न पेन्सिलीनं दोन वर्षांपूर्वी विचारून झाला होता. पाऊण तासानं ‘पदवी देण्याची शिफारस करण्यात येत आहे’ असं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, शाली निघाल्या. चहाच्या वेळी आई मॅडमजवळ येऊन उभी राहिली आणि पदर सारखा करत म्हणाली, ‘आता लागंल ना हो बाई नोकरी याला?’

मॅडमनी तिच्या हातात पेढा ठेवला. उत्तर दिलं ते परीक्षा विभागाच्या भाऊसाहेबांनी, समोसा संपवत : ‘आधी नोटिफिकेशन तर निघू द्या, आजी.’